गाडी ओढेना म्हणून आली होती

मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरचा मे म्हणजे सकाळी नऊलाच पाना हातात धरवत नाही. एक दहा चाकी आली, रिकामी, सिमेंट भरायला निघालेली. ड्रायव्हर ओळखीचा, त्याला सगळे अण्णाच म्हणतात. "मिस्तरी, गाडी ओढंनाच बघा, चार दिवस झालं, डिझेल पण जास्त खायलीय."

आता पिकअप नाही म्हटल्यावर कुठलाही मेकॅनिक जे करतो तेच मी केलं. डिझेल फिल्टर बदलला, एअर क्लीनर झटकला, टर्बोचे पाईप बघितले, क्लच ठीक. मधे मालकाचे तीन फोन, लोडिंगचा नंबर लागलाय लवकर सोडा. मालक लोकांना गाडी गॅरेजमधे उभी दिसली की पोटात दुखतं, मग ती रोडवर उभी राहिली तरी चालेल.

खाली वाकलो तेव्हा मागच्या डाव्या जोडीच्या रिमला आतून ग्रीसचे ओघळ दिसले, काळे, पातळ. मी ते बघितलं. मनात म्हणलं कुणीतरी हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागात, ग्रीस कोंबलंय. आणि पुढं गेलो. हे लिहायला बसलोय ते त्या ओघळांमुळंच.

दुपारी तीनला फोन. "मिस्तरी, चाकातनं जाळ निघायलाय!" तुळजापूरच्या घाटात, माल भरलेला. मी गाडीला किक मारली, तामलवाडीचा टोलनाका ओलांडून घाटाच्या पायथ्याला पोचलो तर लांबूनच काळा धूर.

झालं असं होतं. अण्णाला घाट चढताना गाडी जड वाटली, त्यानं गिअर कमी केला, घाट आहे म्हणून सोडून दिलं. मग वास आला म्हणून वर एका टपरीपाशी थांबला आणि सवयीनं हँडब्रेक ओढला. तिथंच घोळ झाला. गाडी पळत होती तोवर चाकाच्या आतल्या ब्रेकच्या ड्रमला वारा लागत होता, थांबल्यावर तो बंद, आतली सगळी उष्णता हबाकडं आणि टायरकडं, आणि त्यात हँडब्रेक म्हणजे ब्रेकचे घासणारे लायनर, तापलेले, तापलेल्या ड्रमवर दाबून धरलेले. ग्रीस पेटलं, मग आतला टायर.

लोकांना वाटतं ब्रेक फार मारले की आग लागते. घाट उतरताना लागते तशीही, पण माझ्या बघण्यात जास्त वेळा आग लागते ती ब्रेक न सुटल्यामुळं, आणि हीपण तशीच. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, कॉम्प्रेसर टाकीत साधारण ८ बार हवा भरतो, पॅडल दाबलं की ती चाकाजवळच्या बूस्टरच्या डब्यात जाते, डायफ्राम रॉडला ढकलतो, रॉड स्लॅक नावाच्या दांडीला फिरवतो, स्लॅक कॅमचा शाफ्ट फिरवतो आणि कॅम लायनर लावलेले दोन्ही शू ड्रमवर दाबतो. पाय उचलला की हवा बाहेर, स्प्रिंगा सगळं मागं ओढतात. हँडब्रेकचं उलटं, तिथं बूस्टरच्या मागच्या भागात एक दांडगी स्प्रिंग असते आणि हवा तिला दाबून ठेवते. हवा ४-५ बारच्या खाली गेली की स्प्रिंग हळूहळू बाहेर येऊन ब्रेक लावायला लागते. म्हणून जे ड्रायव्हर स्टार्टर मारल्या मारल्या, गेज न बघता गाडी काढतात ते अर्धवट लागलेल्या ब्रेकवरच पळत असतात. (तो मागचा बूस्टर केजिंग बोल्ट, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट, न लावता उघडायचा नाही, स्प्रिंग तोफेसारखी सुटते. आमच्यात शहाणे आहेत, छन्नी लावून क्लॅम्प उडवणारे.)

घाटातही तेच. आगीत हवेचा पाईप जळाला, हवा गेली, मागची सगळी चाकं लॉक. गाडी पुढं सरकवा म्हणून टपरीवाला ओरडायला लागला, पण ती हलणार कशी? क्लीनरनं आग विझवायचा छोटा सिलेंडर मारला, जाळ बसला, पाच मिनिटात परत पेटला, कारण आत ड्रम लालच होता. तो बाजूला उभा राहून बादलीनं पाणी मारायला लागला तेव्हा मी त्याला कॉलरला धरून मागं ओढलं. तापलेला टायर आतून गॅस होऊन फुटतो, जाळ विझल्यावर सुद्धा, आणि फुटतो तो बाजूनंच. एक फुटलाच. कुणाला लागलं नाही. अग्निशमनची गाडी येऊन विझेपर्यंत चार टायर आणि एक कडेची बॉडी गेली, सिमेंट असल्यानं मालाला जाळ नाही.

दुसऱ्या दिवशी चाक उघडलं. दोष कॅम शाफ्टच्या बुशमधे, शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत. ग्रीस भरायचं निप्पल मातीनं बंद, कित्येक महिने ग्रीस गेलेलंच नाही, शाफ्ट गंजलेला. थंड असताना फिरत होता, गरम झाला की धरत होता. म्हणजे माझ्याकडं सकाळी, थंड आणि रिकामी, ती गाडी हातानं चाक फिरवून बघितली असती तरी कदाचित सुटी लागली असती. कदाचित. हेच "कदाचित" मला झोपू देत नाही. कारण ते ओघळ थंड हबाचे नव्हते ना. हब तापून पातळ झालेलं ग्रीस सीलमधनं बाहेर आलं होतं, पिकअप नसणं आणि डिझेल खाणं त्याच आजाराचं होतं, तीन खुणा समोर होत्या.

वडील रेल्वेत फिटर होते, सोलापुरातच. रेल्वेचा हवेचा ब्रेक काढणाऱ्या वेस्टिंगहाऊसचा १८६९चा ब्रेक हवा गेली की निकामी व्हायचा, मग त्यानंच १८७२ला उलटा केला, हवा गेली की लागणार, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना सांगितलं तर म्हणाले, आम्ही गाडी स्टेशनात शिरताना रुळाशेजारी बसून चाकं बघायचो, कुठं धूर, कुठं वास, ब्रेक बाइंडिंग, म्हणजे ब्रेक न सुटता धरून राहणं, तिथंच कळायचं. "तू चालती बघितली होतीस का?"

नव्हती. आता पिकअपची तक्रार आली की मी आधी वीस किलोमीटर पळवून आणा म्हणतो, मग प्रत्येक हबाजवळ हाताची मागची बाजू धरतो, चिकटवत नाही, एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की तेच आधी जॅकवर. परवा त्याच मालकाची दुसरी गाडी आली. तामलवाडीपर्यंत जाऊन या, गरम दाखवा, म्हणलं.

फोनवर मालक म्हणाला, "डिझेल कुणाचं?"