मार्कंड्याचा फोटो, १२ बाय १८

"ताई, ही फाइल उघडूनच नाही राहिली."

सीताबर्डीच्या एका फोटो लॅबमध्ये काउंटरमागचा पोरगा माझा पेन ड्राइव्ह परत करत म्हणाला. आत १४ फोटो होते, आयफोनवर काढलेले. त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाच्या जागी नुसता कोरा कागद दिसत होता आणि नावाच्या शेवटी एचईआयसी, हा आयफोनच्या फोटो-फाइलचा प्रकार. मी म्हटलं, फोनवर तर दिसतात. तो म्हणाला, "फोनवर दिसतीलच ना. असं करा, व्हॉट्सॲपवर टाका मले, दोन मिनटात काढून देतो."

टाकले. आमच्या घरच्या फोटोंची वर्षभराची भानगड त्या एका वाक्यापासून सुरू झाली. दोष त्याचा म्हणावा तर मलाही ते सोपंच वाटलं होतं.

फोटो मार्कंड्याचे होते. मी, आई आणि मामा उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत गडचिरोलीला गेलो आणि तिथून चामोर्शीकडे. वैनगंगेच्या काठावर दगडी देवळांचा समूह आहे, भिंतीवर वीतभर जागा मोकळी सापडत नाही इतकं कोरीव काम. काही जण त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला ही तुलना आवडत नाही, मार्कंड्याला कुणाचं नाव उसनं घ्यायची गरज नाही. तिथे आई आणि मामा एका भिंतीपाशी उभे, उन्हं तिरपी, मागे हत्तींची रांग. तो फोटो आईला मोठा करून हवा होता.

प्रिंट आली. लांबून बरी. जवळ गेल्यावर हत्तींच्या सोंडा विरघळल्यासारख्या, मामाच्या मिशीच्या जागी करडा डाग. घरी येऊन हिशेब केला. माझ्या फोनचा मूळ फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांचा. व्हॉट्सॲपने साध्या पद्धतीने पाठवताना लांब बाजू १६०० वर आणली होती. १८ इंचांत १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला ८९. मूळ फाइल असती तर इंचाला २२४ मिळाले असते. वर फोनचा फोटो चारास तीन, प्रिंट तीनास दोन, त्यामुळे वरून-खालून कापलं गेलं ते वेगळंच.

मग मूळ फाइल द्यावी म्हणून फोन उघडला, तर ती नव्हतीच. पेन ड्राइव्ह भाच्याला पिक्चर भरायला दिला होता आणि त्याने तो फॉरमॅट केलेला. फोन भरला म्हणून मीच जुने फोटो उडवले होते, "व्हॉट्सॲपवर आहेतच की" असं म्हणत. उडवलेले फोटो फोनच्या रीसेंटली डिलीटेड कप्प्यात साधारण ३० दिवस राहतात, ते केव्हाच उलटले होते.

भाचा पुण्याला असतो, आयटीत. दिवाळीला आला तेव्हा त्याने माझी शाळा घेतली. "मावशी, एचईआयसी वाईट नाही गं. ॲपलने २०१७ ला आयओएस ११ पासून आणलं. जेपीईजी, आपला नेहमीचा फोटो फॉरमॅट, १९९२ चं आहे, हे नवं. तेवढ्याच दिसण्याला जवळपास निम्मी जागा लागते. फक्त सगळीकडे उघडत नाही. जुन्या विंडोजला वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं." मग माझ्या गळ्यात त्याचा जुना २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा अडकवून वर सल्ला दिला: "आता रॉमध्येच काढ, कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं राहतं. बाकी काही बघू नको."

पुढच्या पावसाळ्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर चिखलदऱ्याला गेले आणि त्याचा सल्ला अक्षरशः पाळला. फक्त रॉ. तीन दिवसांत ११०० फोटो, एकेक २५ एमबीच्या आसपास. परतीच्या गाडीतच ग्रुपवर सुरू झालं, "फोटो टाका ना मॅडम." टाकू काय? फोनवर ती फाइल धड उघडेना. घरी लॅपटॉपला लावले तर माझं जुनं सॉफ्टवेअर म्हणालं, हा कॅमेरा मी ओळखत नाही. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी: निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२ किंवा सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू. कॅमेरा सॉफ्टवेअरपेक्षा नवा असला की हे होतं. शेवटी अडोबीच्या फुकट कन्व्हर्टरमधून सगळ्या डीएनजी, म्हणजे बहुतेक सॉफ्टवेअरला कळणाऱ्या रॉ, केल्या. रात्रभर लॅपटॉप घरघरत होता आणि आई दर तासाला विचारत होती, "काय वं, मिक्सर चालू आहे का?"

उघडल्यावर आणखी एक धक्का. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हिरवंगार दिसलेलं सगळं इथे फिकट, मरगळलेलं. मला वाटलं कॅमेराच बिघडला. मग कळलं की पडद्यावर दिसतो तो रॉच्या पोटातच ठेवलेला छोटा जेपीईजी, कॅमेऱ्याने रंग-धार चढवून तयार केलेला. रॉ म्हणजे भिजवलेली कणीक. पोळी आपण लाटायची. ११०० पोळ्या लाटायला मला संक्रांत उजाडली.

पण रॉची किंमत मला कळली तीही चिखलदऱ्यातच. गाविलगडाच्या दरवाज्याच्या आतून बाहेरचं धुकं धरलेला एक फोटो होता. कमान काळीकुट्ट, बाहेर पांढरं. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळोख वर उचलला तर कमानीचे दगड एकेक करून बाहेर आले. त्याच फोटोचा जेपीईजी करून त्यावर तोच प्रयोग केला, तर दगडांत रंगीत भुसा आणि धुक्यात पट्टे, भिंतीला ओल चढते तसे. धुकं हा तसा साधा दिसणारा, पण जेपीईजीची परीक्षा घेणारा विषय आहे.

इतकं कळल्यावर माणूस शहाणा होतो असं नाही. मी दुसऱ्या टोकाला गेले. कुठेतरी वाचलं की जेपीईजी सेव्ह केला की तपशील जातो, टिफ नावाच्या मोठ्या फॉरमॅटमध्ये जात नाही. निवडलेले ४० फोटो १६ बिट टिफमध्ये काढले. २४ मेगापिक्सेल, तीन रंग, रंगाला दोन बाइट: एक फोटो १४४ एमबी. चाळीसांचे पावणेसहा जीबी. ते घेऊन दुसऱ्या एका लॅबमध्ये गेले, धरमपेठेकडे. तिथले काका पन्नाशीचे, डोळ्याला भिंग लावून निगेटिव्ह पाहायच्या काळापासून या धंद्यात. पेन ड्राइव्हवरून कॉपी होईस्तोवर त्यांचा चहा पिऊन झाला.

"ताई, एवढं कायले आणलं? आमच्या मशीनले जेपीजीच लागते. एसआरजीबीमध्ये, क्वालिटी फुल ठेवा, बस."

एसआरजीबी, म्हणजे रंगांचं सगळीकडे चालणारं माप, हा शब्द मी सोडून दिला, आणि तो महागात पडला. घरी जाऊन जेपीईजी केले खरे, पण टिफ काढताना अडोबी आरजीबी हे दुसरं माप निवडलेलं, तेच पुढे चालू राहिलं. अडोबी आरजीबीत हिरव्या-निळ्या छटा जास्त मावतात हे खरं. पण समोरच्या यंत्राने ती फाइल एसआरजीबी समजून वाचली तर सगळे रंग मलूल होतात. चिखलदऱ्याच्या दहा प्रिंट आल्या, सगळं रान मे महिन्यातलं वाटावं असं. काकांनी एकही शब्द न बोलता त्यांच्या स्क्रीनवर प्रोफाइल बदलून दाखवलं आणि डोंगर हिरवा झाला.

जेपीईजी सेव्ह केला की बिघडतो, याचीही मी घरीच शहानिशा केली. विषय संत्री, काटोलहून आलेली, टोपलीत. एकच फाइल उघडायची, थोडी कापायची, मध्यम क्वालिटीवर सेव्ह करायची, पुन्हा उघडायची. असं दहा वेळा. मग देठापाशी मोठं करून पाहिलं. हिरव्या देठाभोवती चौकटी उमटल्या होत्या. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबतो, ते हेच तुकडे. दरवेळी कापल्यामुळे चौकटीची जागा सरकत होती आणि नुकसान वाढत होतं. नुसता उघडून पाहिला, कॉपी केला, पेन ड्राइव्हवर टाकला तर काहीही जात नाही. इतकी वर्षं मी उगाच फोटो उघडायला घाबरत होते. जातं ते बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर.

म्हणजे आधी ठरवायचं ते एवढंच, की या फोटोवर नंतर किती हात फिरवायचा आहे. त्यावर फॉरमॅट ठरतो. भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मी हेच तर सांगत होतो. तो अजिबात हे सांगत नव्हता.

फेब्रुवारीत आईला घेऊन पुन्हा मार्कंड्याला निघाले. यावेळी कॅमेरा रॉ अधिक जेपीईजीवर. दर क्लिकला दोन फायली, कार्ड लवकर भरतं, पण संध्याकाळी ग्रुपवर टाकायला तयार फोटो असतो. वाटेत भिवापूरला मिरची वाळत घातली होती. ढीगच्या ढीग, ठसका लागेल एवढ्या जवळून काढले. रात्री पाहिलं तर जेपीईजीत मिरची कुठे नव्हतीच. लाल कापड अंथरल्यासारखं सपाट. मी रंगांची सेटिंग भडकवर ठेवली होती आणि लाल रंग शेवटच्या पायरीवर, २५५ वर, जाऊन आपटला होता. तिथे पोचलेला तपशील परत येत नाही. रॉमध्ये उजेड थोडा खाली ओढला तर सुरकुत्या दिसल्या, देठ दिसले, एका मिरचीवर बसलेली माशीही दिसली.

देवळात उलट झालं. सकाळचं ऊन एकसारखं होतं, दगड एका रंगाचा, आणि कॅमेऱ्याचा जेपीईजी इतका नेटका आला की रॉला मी हातही लावला नाही.

आता माझं असं चालतं. फोन एचईआयसीवरच ठेवला आहे. सेटिंगमध्ये मोस्ट कॉम्पॅटिबल केलं की थेट जेपीईजी निघतात, पण जागा दुप्पट जाते. लॅबला द्यायचे तेवढेच बदलून घेते. धुकं, गाभारा, पहाट, मिरची, असं काही असलं की कॅमेऱ्यात रॉ सोबत. दिवसा जेवणाच्या ताटाचे आणि सहकाऱ्यांचे फोटो सरळ जेपीईजी. तिकिटांचे स्क्रीनशॉट पीएनजीच राहू देते, अक्षरं स्वच्छ राहतात. टिफ बंद. नातेवाइकांना प्रिंटसाठी पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटोतली तारीखही गळून पडते आणि मग "हे कुठल्या सालचं?" यावर लग्नघरात वाद होतो. आणि मूळ फायली दोन डिस्कवर. एक डिस्क बहिणीकडे, कारण आमच्या घरी मे महिन्यात कूलरच्या फवाऱ्याखाली काय काय येईल याचा नेम नाही.

राहता राहिला तो पहिला फोटो. भिंत पुन्हा मिळाली, हत्ती मिळाले, आईही त्याच जागी उभी राहिली. मामा आता रायपूरला मुलाकडे असतो आणि गुडघ्यांमुळे प्रवास बंद आहे. दोघांचा एकत्र फोटो म्हणजे ती व्हॉट्सॲपची १६०० पिक्सेलचीच फाइल.

ती घेऊन धरमपेठेच्या काकांकडे गेले. आजकाल ॲपमध्ये म्हणे मोठं करता येतं, धार आणता येते, असं विचारलं. त्यांनी मामाच्या मिशीवर झूम करून पाहिलं.

"मिशी आणता येईल ताई. पण ते मशीन आणेल तशी येईल, त्यांची नाही येणार. याले पाच बाय सातमध्ये काढा ना."

मी मनात भागाकार केला. १६०० भागिले सात, इंचाला २२८. मूळ फाइलची १२ बाय १८ निघाली असती, तिच्याहून कणभर जास्तच. पाच मिनिटांत प्रिंट हातात आली. सोंडा सोंडेसारख्या, मिशी मिशीसारखी.

घरी आईला दिली. मनात थोडी धाकधूक होती, तिने मोठा मागितला होता म्हणून. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला, पदराने काच पुसावी तसा कागद पुसला आणि टीव्हीशेजारी टेकवून ठेवला.

"बरं झालं लहान आणला," म्हणाली. "मोठा कुठे लावला असता, त्या भिंतीले ओल येते."