हजेरीपटच मागा

"गोषवारा देतो ना, हजेरीपट कशाला हवा?" गावातल्या कामाचा हजेरीपट, म्हणजे कोणता मजूर किती दिवस आला याची नोंद, मागितल्यावर एका ग्रामपंचायतीत आज ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाही.

गोषवाऱ्यात एकूण रक्कम असते. ती जुळतेच. चोरी सापडते हजेरीपटात.

आयएएस सोडून राजस्थानच्या खेड्यांत राहिलेल्या अरुणा रॉय आणि त्यांची मजदूर किसान शक्ती संघटना यांनी 1994 पासून जनसुनवायांत हेच केलं. कागद गावासमोर मोठ्यानं वाचले. मग खोटी नावं गावानंच ओळखली.

माहिती अधिकाराच्या अर्जात एकच काम, त्याचं वर्ष आणि हजेरीपट, बिलं, मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती असं स्पष्ट लिहा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पोच घ्याच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

तुमच्या गावात असं जाहीर वाचन कधी झालंय?