चुटकी वाजवू नका राव!
आज दादरच्या एका परमिट रूममध्ये शेजारच्या टेबलावरची पोरं वेटरकाकांना चुटक्या वाजवून बोलावत होती. वर प्रत्येकाची ऑर्डर वेगळी, तीही हप्त्याहप्त्याने. एकाचा सोडा आला की दुसऱ्याला बर्फ आठवणार. काकांनी बिचाऱ्यांनी किती खेपा मारायच्या?

अरे, आधी आपसात ठरवा ना! स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६०. चौघंही तीच रम पिणार असाल तर १८० ची क्वार्टर मागवा, सरळ हिशोब. आणि नजर मिळाली की नुसता हात वर करा, पुरतं.

आमच्याकडे खारे शेंगदाणे न मागता दुसऱ्यांदा आले. त्यांच्याकडे थेट बिल! (हसू दाबताना माझा सोडा नाकात गेला.)