काठी दिसेपर्यंत

१४ मार्च, फिनसे, नॉर्वे. रात्रीचे साडेनऊ.

आज परत फिरले. निघाल्यापासून जेमतेम अडीच तासांत. उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती माझी झालेली नाहीत, त्यामुळे अक्षर असं कोंबडीचे पाय.

काल संध्याकाळच्या गाडीने इथे उतरले. १२२२ मीटरवरचं हे स्टेशन; मोटारीचा रस्ता नाहीच, जे काय यायचं ते ओस्लो-बर्गनच्या रेल्वेने. बेत असा होता की स्कीवरून दक्षिणेला क्रेक्याच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या उतरायच्या घरात, मुक्काम करायचा आणि परवा परत यायचं. हार्डांगरविड्डाच्या या पठारावर हिवाळ्यात याआधी गेले होते, पण मंडळींबरोबर. एकटीने ही पहिलीच खेप.

पहिला तास मात्र असा गेला की त्यासाठी पुन्हा येईन. स्कीखाली बर्फाची करकर, बाकी काही नाही. घोळक्यात मी कायम कुणाच्या तरी पाठीकडे बघत चालते, आणि मुक्कामी पोचल्यावर आठवतात त्या फक्त गप्पा. आज पाच-सहा हातांवर बर्फच फुटल्यासारखा झाला आणि त्यातून रीपे उडाला. हिवाळ्यात हा पक्षी पांढराशुभ्र होतो, पायांच्या बोटांवरसुद्धा पिसं. तो बसला होता त्या खळग्यात मी हात घालून बघितला. किंचित ऊब होती, की मला तसं वाटलं. बरोबर कुणी असतं तर थांबले नसते. चेष्टा झाली असती.

वारा दुपारनंतर वाढणार होता. तो साडेदहालाच आला. उणे बारा तापमान, त्यात सेकंदाला पंधरा मीटरचा वारा, म्हणजे उघड्या कातडीला उणे पंचविसाची थंडी. मग आभाळ आणि जमीन एक झाली. हरिश्चंद्रगडावरच्या पावसाळी धुक्यात वाट चुकले आहे, पण तिथे पायाखाली दगड असतो, ओढ्याचा आवाज असतो, आणि ‘ओऽऽ’ अशी हाक मारली की कुठून तरी उलट हाक येते. इथे मी उभी होते की घसरत होते तेही कळेना. उभ्या जागी तोल जाऊन पडले, तेव्हा कळलं की आपण थांबलेलोच होतो.

ईस्टरच्या हंगामासाठी वाटेवर काठ्या रोवलेल्या असतात. एका काठीला धरून पुढची दिसेपर्यंत थांबायचं, असं चाललं होतं. त्यात डाव्या स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट अडकवायच्या पकडीत, बर्फ गोठला. तो काढायला उजवा वरचा हातमोजा काढून काखेत धरला, वाकले, आणि हातमोजा गेला. उडताना दिसलासुद्धा नाही. मनगटाला अडकवायची दोरी त्याला होती. बालवाडीतल्या पोरांसारखं दिसतं म्हणून मीच कापून टाकली होती. जादा जोड होता, सॅकच्या तळाशी! चेन दातांनी उघडली. दुसरं कुणी असतं तर सॅक धरली असती, वाऱ्याकडे पाठ करून आडोसा दिला असता. दोन मिनिटांचं काम. मला किती वेळ लागला कुणास ठाऊक.

एकटी जातेय म्हटलं की लोक हिमस्खलनाचं विचारतात. ते खरंच आहे. शोधणारा दुसरा नसेल तर बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारा गळ्यातला ट्रान्सिव्हर कुणाशी बोलणार? पण तीस अंशांहून चढा उतार टाळून वाट आखता येते. हातमोजा उडणार हे कुठल्या नकाशावर बघू?

इथल्या लोकांचे डोंगरातल्या शहाणपणाचे नऊ नियम आहेत. जुन्या यादीत ‘एकटे जाऊ नका’ असा स्पष्ट नियम होता. २०१६ला यादी नव्याने केली तेव्हा तो गेला, आणि मी तो पुरावा म्हणून मित्रमंडळींच्या तोंडावर अनेकदा फेकला आहे. ‘वेळीच फिरा, माघारी येण्यात लाज नाही’ हा मात्र अजून आहे. परत येताना मला आमुंडसेन आठवत होता. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला तोच. १८९६च्या जानेवारीत तो याच पठारावर भावाबरोबर अडकला. रात्री बर्फात भोक खणून झोपला, आणि सकाळी वरचा ओला बर्फ गोठून तो आत चिणला गेलेला. भावाने खणून काढला. भाऊ नसता तर ध्रुवावर झेंडा दुसऱ्याच कुणाचा.

तरीही, खरं सांगायचं तर, फिरायचं ठरवलं ती पाच मिनिटं आजच्या दिवसातली सगळ्यात स्वच्छ होती. कुणाला पटवायचं नव्हतं, कुणाचा हिरमोड होणार नव्हता. घोळक्यात असते तर ‘अजून थोडं बघू’ म्हणणारा एक तरी निघालाच असता, आणि मी मान डोलावली असती.

फिनसेच्या हटवरच्या वहीत ‘पुढचा मुक्काम’खाली लिहिलेलं क्रेक्या खोडलं. टेबलावरच्या म्हाताऱ्याने ‘फिरलीस?’ एवढंच विचारलं आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

आईला परवा फोनवर ‘आहेत की सोबत लोक’ असं ठोकून दिलं होतं. आत्ता जेवणाच्या टेबलाचा फोटो पाठवला. त्यात अकरा माणसं आहेत. तिचा लगेच मेसेज : यातले तुझ्याबरोबरचे कोण गं?

अजून उत्तर दिलेलं नाही.