उधारी फेडायला आलेला माणूस

यवतमाळ जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. उधारीवाला मला पाहून रस्ता बदलतो, याची सवय आहे. म्हणून दिवाळीनंतर एक जुना गिऱ्हाईक न मागता सगळे पैसे घेऊन आला, तेव्हा मी चमकलो. कापूस तर अजून त्याच्या घरातच पडून होता. बैलजोडी साळ्याला देऊन टाकली म्हणे. "दादा, तुमचं माझं फिटलं. आता कोनाचं काही ठेवाचं नाही."

महिनाभर त्याला झोप नव्हती, जेवण तुटलं होतं. त्या दिवशी मात्र एकदम शांत. ती शांतता पाहून माझ्या पोटात गोळा आला.

शटर अर्धं ओढलं, चहा सांगितला. आमच्या गावच्या आशा सेविका सांगतात, शंका आली तर सरळ विचारा, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही. तरी जीभ जड झाली. "भाऊ, जीव द्याचं मनात येते काय?"

त्यानं पावतीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "येते."

इथं मी चुकलो. "पोरीकडं पाहा, असं बोलू नोका," म्हणालो. तो उठायलाच लागला. हात धरून बसवलं, म्हटलं, माझं चुकलं, तुम्ही सांगा. मग तासभर तो बोलला. बँक, पावसात गेलेलं सोयाबीन, "घरच्याइचं ओझं तरी उतरन". मी नुसता ऐकत होतो. कसं, कधी, काही ठरवलं का, हेही विचारलं. ठरवलं होतं. म्हणजे आता त्याला एकट्याला सोडायचं नव्हतं.

"कोनाले सांगू नोका," म्हणाला. तो शब्द मी दिला नाही. पोलिस केसची धास्ती होती त्याला. मनातलं बोलणं हा गुन्हा नाहीच, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली होता असंच धरतं, हे समजावलं. मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावला, स्पीकरवर. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईशी तो माझ्यापेक्षा मोकळा बोलला.

संध्याकाळी त्याच्यासोबत घरी गेलो. वहिनींना त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. गोठ्यातले फवारणीचे डबे उचलून माझ्या गोदामात कुलपात ठेवले. रात्री त्याचा भाऊ जवळ झोपला. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात गेलो. शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे, तिथं समुपदेशन झालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. "हिंमत हारला" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. आजारी होता तो.

नंतरही दर दोन-तीन दिवसांनी मी फोन करायचो, कधी नुसता पावसापाण्याचा.

डबे अजून माझ्याकडेच आहेत. फवारणीच्या दिवशी वहिनी येतात, तेवढ्यापुरतं नेतात, उरलेलं संध्याकाळी परत आणून ठेवतात.