आमची वाटचाल : निफाडहून बारोलोपर्यंत

आमचं घराणं निफाडच्या द्राक्षबागायतदारांचं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि माल तयार होत आला की गारपिटीच्या धास्तीनं आभाळाकडे लागलेले डोळे, यातच लहानाचे मोठे झालो. म्हणून पुण्यात वाइन आयातीची पेढी काढताना एक गोष्ट पक्की होती: ज्याच्या बागेत आपण स्वतः फिरलो आहोत, त्याचाच माल आणायचा.

शोध इटलीत, पिएमाँते प्रांतातल्या लांगेच्या टेकड्यांवर संपला. बारोलो ही रेड वाइन तिथल्या फक्त ११ गावांच्या शिवारात होते आणि तीही नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून. आम्ही जिच्याकडून वाइन घेतो ती मंडळी, म्हणजे आमचं कुटुंब (आता आम्ही त्यांना असंच म्हणतो), त्यांपैकीच सेर्रालुंगा द'आल्बा गावची. आजोबा बाग बघतात, मुलगी तळघर सांभाळते, जावई हिशेब.

ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या आबांना तिथं घेऊन गेलो. आबांना इटालियन येत नाही, आजोबांना मराठी. पण आबा थेट वेलीपाशी गेले, खोड दाबून पाहिलं, पानं उलटून पाहिली. तिथं मांडव नाही. उतारावर तारांना बांधलेल्या वेलींच्या रांगा आणि वर्षाला एकच छाटणी, हिवाळ्यात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या ज्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं, ती जागा नेब्बिओलोची, कारण हे द्राक्ष पिकायला फार वेळ घेतं. काढणी ऑक्टोबरवर जाते. रांगांमधल्या मातीत चांगले भरलेले हिरवे घड कापून टाकलेले होते. "विरळणी आपणही करतो, पण एवढी?" आबा म्हणाले. उरलेल्या घडांत जोर यावा म्हणून हे कुटुंब स्वतःच्या हातानं उत्पन्न कमी करतं. गारांपासून बचावाची जाळी मात्र आबांना कुणी समजावून सांगावी लागली नाही.

पुढचं काम तळघराचं. कायद्यानं बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. १९८० च्या दशकात तिथल्या अनेकांनी लहान फ्रेंच पिंपं आणली. हे कुटुंब स्लाव्होनियन (क्रोएशियातल्या) ओकच्या मोठ्या, जुन्या पिंपांवर ठाम राहिलं. मला तेच पटतं. लहान नव्या पिंपात लाकडाचा वास वर चढतो. इथं सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा गंध स्वच्छ येतो.

आता आमच्या बाजूचं. सुरुवात केली तेव्हा आयात शुल्क १५० टक्के होतं, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि लेबल नोंदणी. माल जेनोव्हाहून न्हावा शेवाला फक्त रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून आणि तोही हिवाळ्यातच मागवतो. एकदा एका वाहतूकदारानं पेट्या भर दुपारी उघड्यावर ठेवल्या. बुचं वर सरकली होती. त्यातली एकही बाटली आम्ही विकली नाही.

ग्राहकांशी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळ रंगावर जातो. महाग रेड वाइन म्हणजे गडद जांभळी, असा समज असतो. नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका, वय वाढलं की कडेला विटकरी छटा येते. ग्लासात पाहून काहींना भेसळीची शंका येते. मग पहिल्याच घोटाला हिरड्यांना तुरटपणा जाणवतो आणि प्रश्न बदलतात. जेवणाबद्दल आम्ही स्पष्ट सांगतो: झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर ही घेऊ नका, तिखटानं तुरटपणा आणखी बोचतो. अळणी मटणाबरोबर घ्या, बाटली तासभर आधी उघडा.

बारोलोची किंमत सगळ्यांना झेपत नाही, हे आम्हाला रोज दिसतं. म्हणून यंदा याच कुटुंबाची लांगे नेब्बिओलोही मागवली आहे. द्राक्ष तेच, मुरवण्याचा काळ बराच कमी, त्यामुळे दरही कमी. माल डिसेंबरमध्ये बंदरात लागेल.