शाळेचा इतिहास लिहिताय? आधी जनरल रजिस्टर उघडा

हायस्कूलला पंच्याहत्तर किंवा शंभर वर्षं झाली की स्मरणिका समिती बसते आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, "आजवर किती मुलं शिकली?" क्लार्क जनरल रजिस्टरचं, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची क्रमाने नोंद असलेल्या वहीचं, शेवटचं पान उघडून नंबर सांगतात आणि तोच आकडा मुखपृष्ठावर जातो. बहुतेक वेळा तो चुकलेला असतो. शाळा सोडून गेलेलं मूल दोन वर्षांनी परत आलं की बऱ्याच ठिकाणी त्याला नवा नंबर पडतो, म्हणजे एक मुलगा दोनदा मोजला जातो. उलट मधेच कुणी नवं बुक काढून पुन्हा १ पासून सुरुवात केली असेल तर मागची सगळी मुलं हिशोबातून गळतात. म्हणून आधी प्रत्येक बुकाचा पहिला आणि शेवटचा नंबर तारखेसह एका कागदावर उतरवा. मग 'पूर्वीची शाळा' या रकान्यात आपल्याच शाळेचं नाव कितीदा येतं ते बघा, ते आकड्यातून वजा करा.

स्थापनेचं सालही एक नसतं. पहिला वर्ग भरला ते, मान्यता मिळाली ते, अनुदान सुरू झालं ते आणि मॅट्रिकला पहिली तुकडी बसली ते, अशी चार सालं निघतात. फलकावर जे सोयीचं ते लागतं. स्मरणिकेत चारही द्या, वाद आपोआप मिटतो. जुन्या कागदांत 'जिल्हा परिषद' सापडत नाही म्हणून घाबरू नका. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधीचा पत्रव्यवहार लोकल बोर्डाच्या नावाने असतो.

खरी गफलत इयत्तांत होते. मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर 'इंग्रजी पहिली' लागायची. तेव्हा रजिस्टरातली 'इयत्ता १ ली इं.' म्हणजे आजची पाचवी आणि 'इंग्रजी सातवी' म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, आपली जुनी अकरावी. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ पासून. एसएससी बोर्ड १९४८ चं, पहिली एसएससी १९४९ ला. ती अकरावीलाच होती, दहावीला आली १९७५ मध्ये. त्यामुळे १९६० च्या 'दहावी पास' मुलाला एसएससी झालेला समजू नका, तो अजून बोर्डाला बसायचा असतो.

मराठवाड्यातल्या जुन्या प्रशालांत आणखी एक गाठ आहे. निजामी काळातल्या नोंदी उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजाम राज्यातल्या महसुली कालगणनेत असतात. त्याचा पहिला महिना आजूर ऑक्टोबरात सुरू होई. म्हणून आजूर ते डिसेंबरअखेरच्या नोंदींना सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. तीर हा आठवा महिना, म्हणून 'तीर १३५५' म्हणजे मे १९४६. सगळीकडे सरसकट ५९० मिळवलं की अर्ध्याहून जास्त नोंदी वर्षभर मागे सरकतात.

गुणवंतांची यादी तयार असते, ती छापायला अक्कल लागत नाही. शाळा कळते ती 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यातून. 'वडिलांची बदली', 'फी थकल्याने नाव कमी', 'सतत गैरहजर', मुलींपुढे 'लग्न झाले', क्वचित 'मयत'. सगळं रजिस्टर वाचत बसू नका. दर दहावं वर्ष घ्या, शिवाय धक्क्याची वर्षं घ्या: १८९६-९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, १९४२ ची चळवळ, १९७२ चा दुष्काळ. तेवढ्या वर्षांची कारणं मोजून आजूबाजूच्या साध्या वर्षांशी ताडा. पुण्यात नदीकाठच्या शाळा असतील तर १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराआधीची बुकं नीट पाहा. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या आणि खाडाखोडीशिवाय दिसल्या तर ती पुरात गेलेल्या बुकाची नंतर केलेली नक्कल असण्याची शक्यता दाट. नक्कल करणाऱ्याच्या चुकाही त्यात उतरलेल्या असतात.

जन्मतारखांवर फार विसंबू नका. १ जून पानोपानी दिसेल. जूनमध्ये नाव घालायला आलेल्या मुलाचं वय गुरुजींनी अंदाजाने पुरं केलेलं असतं.

पानं ठिसूळ असतील तर सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर नकोच. बुक पूर्ण उलगडून स्कॅनरवर दाबलं की शिवण तुटते. दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवून अर्धवट उघडं ठेवा आणि खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाइलने वरून फोटो घ्या. फाइलला बुक क्रमांक आणि पान क्रमांक एवढंच नाव द्या. जात, वर्तणूक, नापास हे रकाने माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका, अगदी कुणी स्वतःचं पान मागितलं तरी शेजारच्या ओळी झाका.

रोजचं शाळेतलं जगणं रजिस्टरात नसतं. त्यासाठी माणसं गाठायची, पण "आठवणी सांगा" म्हटलं की सगळे हेडमास्तरांच्या शिस्तीवर बोलतात. त्यापेक्षा विचारा: डबा कुठे खायचात, पाणी कुठून यायचं, घंटा होती की रुळाचा तुकडा, नादारी (फीमाफी) कशी मिळायची, शाळेच्या हस्तलिखित अंकात चित्रं कोण काढायचं, स्नेहसंमेलनाची वर्गणी किती. निवृत्त शिपायांकडे आधी जा; कुठली खोली कधी बांधली, कुठल्या वर्गाचं छप्पर कधी उडालं, ते त्यांनाच ठाऊक असतं. वर्गाचा जुना फोटो समोर ठेवलात तर तिघांना एकत्र बसवा, एकट्याने सांगितलेल्या नावांत हमखास घोळ होतो. नावं फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे वळ उमटतो. फोटोची झेरॉक्स काढून चेहऱ्यांवर आकडे घाला आणि यादी वेगळ्या कागदावर ठेवा.